ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सह्या झाल्या, पुढे?

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत कॅन्सरवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांची व्यवस्थापने,
तसेच दोन्ही महापालिकांचे आरोग्य विभाग

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

रुग्णालयात नवं सॉफ्टवेअर येतं तेव्हा काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन येतो आणि कॉन्फरन्स रूममध्ये तासभर पडद्यावर एकामागून एक स्क्रीन उघडून दाखवतो. समोर मेट्रन, दोन-तीन कन्सल्टंट, आयटीचे साहेब आणि नाइट ड्युटी संपल्यावर थांबवून ठेवलेल्या चार सिस्टर्स असतात. त्या सिस्टर्सचे डोळे मिटत असतात. चहा-सामोसे येतात, रजिस्टर फिरतं, सह्या होतात. पुढे रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीत तेच रजिस्टर दाखवलं जातं. सोमवारपासून सगळं 'लाइव्ह'.

मी केमो डे-केअरमध्ये काम करणारी सिस्टर आहे. नवी मुंबईतल्या एकाहून अधिक रुग्णालयांत काम केलंय आणि हे चित्र थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच पाहिलंय. एका संस्थेविरुद्ध तक्रार करण्याचा हेतू नाही, म्हणून नावं घेत नाही. मागणी एवढीच आहे की कॅन्सरच्या उपचारात ज्यांची ज्यांची बोटं कीबोर्डवर असतात, त्या प्रत्येकाचं प्रशिक्षण हा उपचाराचाच भाग धरा. ते ड्युटीच्या तासांत व्हावं, सरावासाठीच्या वेगळ्या प्रणालीवर व्हावं आणि एकदाच होऊन संपू नये.

कॉम्प्युटर नको, आमची जुनी फाइलच बरी, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. कागदाने काय होतं ते जगाने पाहिलंय. 1994 मध्ये बॉस्टनच्या डाना-फार्बर या नावाजलेल्या कॅन्सर संस्थेत बेट्सी लेहमन यांचा मृत्यू सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाच्या चौपट डोसने झाला. चार दिवसांत मिळून द्यायचा डोस त्यांना रोज दिला गेला. त्या 'बॉस्टन ग्लोब'च्या आरोग्य पत्रकार होत्या. ऑर्डर डॉक्टर, फार्मसी, नर्स अशा सगळ्यांच्या हातून गेली आणि कुणीच अडवली नाही. आज चांगल्या केमो-ऑर्डर प्रणालीत असा आकडा टाकला तर पान पुढे सरकत नाही. ही सोय मला हवी आहे.

पण एपिनालचं प्रकरणही आपण वाचलेलं असावं. फ्रान्समधल्या या गावातल्या रुग्णालयात 2004-05 मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या वीसहून अधिक रुग्णांना रेडिएशनचा जादा डोस गेला. मशीन बिघडलेलं नव्हतं. वेज, म्हणजे रेडिएशनचा झोत कमी-जास्त करणारी पाचर, वापरण्याची पद्धत बदलली होती, आणि उपचाराचं प्लॅनिंग करताना सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पद्धतीचा पर्याय निवडला जात होता. चौकशीत निघालं की सगळ्या ऑपरेटरना शिकवलंच नव्हतं, ज्यांना शिकवलं त्यांनाही घाईघाईत, आणि वापराच्या सूचना त्यांच्या भाषेत नव्हत्या. काही रुग्ण दगावले, बाकीच्यांना कायमच्या जखमा राहिल्या. पुढे दोन डॉक्टर आणि एक फिजिसिस्ट कोर्टात दोषी ठरले. आपल्या कॉन्फरन्स रूममधला तो एक तास आणि एपिनालमधलं ते 'थोडक्यात' शिकवणं यांत मला फारसा फरक दिसत नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण थेराक-25 या रेडिएशन मशीनचं. 1986 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर इथे पडद्यावर 'मालफंक्शन 54' एवढंच यायचं. त्याचा नीट अर्थ मॅन्युअलमध्येही नव्हता. असे संदेश इतक्यांदा येत की 'पी' दाबून पुढे जायची ऑपरेटरला सवयच झाली होती. दोष सॉफ्टवेअरचा होता, हे खरं. पण आमच्या डे-केअरमध्ये बसून पाहा. औषध उघडलं की एक पिवळी खिडकी, ॲलर्जीची दुसरी, इन्शुरन्सची तिसरी, स्टॉकची चौथी. सकाळी दहापर्यंत ओके, ओके, ओके करत बोट इतकं सरावतं की पाचव्या खिडकीत क्रिएटिनिन वाढल्याचं, म्हणजे किडनीचं काम मंदावल्याचं लिहिलंय हे डोळे पाहतात आणि बोट ओके करून मोकळं होतं. कुठली सूचना थांबवणारी आहे आणि कुठली नुसती कटकट, हे आम्हाला कुणी कधी सांगितलेलं नाही. आणि कटकटीच्या खिडक्या बंद करून घ्यायच्या तर कुणाला सांगायचं, तेही माहीत नाही.

आता थोडं आतलं सांगते. कॉन्फरन्स रूममध्ये हे येत नाही.

केमोचे बरेचसे डोस बीएसएवर, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतात. उंची आणि वजन भरलं की सॉफ्टवेअर आकडा काढतं. आता 165 सेंटिमीटर उंचीचा, 60 किलोचा रुग्ण घ्या. बीएसए 1.66 येतो. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला गिळवत नाही, केमोच्या दोन-तीन सायकलमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, तो 50 किलोवर येतो. आता बीएसए 1.51 व्हायला हवा. दर चौरस मीटरला 175 मिलिग्रॅमचं पॅक्लिटॅक्सेल असेल तर 290 च्या जागी साधारण 265 मिलिग्रॅम. वजन 5 ते 10 टक्के बदललं की डोस पुन्हा काढायचा, अशी अनेक ठिकाणी रीत आहे. पण काही प्रणालींत 'मागची सायकल कॉपी करा' असं एक बटण असतं. ते दाबलं की प्रोटोकॉल येतो, औषधं येतात आणि त्यांच्याबरोबर गुपचूप जुनं वजनही येतं. आजच्या तारखेखाली, जणू आत्ताच काट्यावर उभं केलंय. डेमो देणारा मुलगा हे बटण फार कौतुकाने दाखवतो, कारण वेळ वाचतो. त्यातून काय काय न विचारता पुढे येतं, हे तो दाखवत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही ते माहीत नसतं.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे बीएसए काढायच्या मोस्टेलरच्या सूत्रात उंची आणि वजनाचा गुणाकारच असतो. त्यामुळे दोन्ही आकडे उलट्या चौकोनांत भरले तरी बीएसए बरोबरच येतो आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. पण तेवढ्याच उंची-वजनाच्या, स्तनाच्या कॅन्सरच्या एखाद्या बाईंना ट्रास्टुझुमॅब हे औषधही चालू असेल, तर ते वजनावर, किलोला 6 मिलिग्रॅमप्रमाणे जातं. 60 किलोला 360 मिलिग्रॅम, आणि चौकोनांची अदलाबदल झाली असेल तर 165 'किलो'ला 990. चांगली प्रणाली हे अडवेल, फार्मसीही अडवेल, अशी आशा आहे. पण पहिला चौकोन भरणारी मुलगी तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेली असते, आणि या दोन औषधांचं गणित वेगवेगळं चालतं हे तिला कुणी पडद्यासमोर बसवून सांगितलेलं नसतं. माझ्या मते डिजिटल कौशल्य ते हेच. माऊस चालवणं कुणालाही जमतं. आपण भरलेला आकडा पुढे कुठे कुठे जातो, हे कळायला हवं.

कार्बोप्लाटिनचा डोस किडनीच्या कामावर ठरतो, म्हणून तिथे क्रिएटिनिनची तारीख पाहणं आलं. डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजावा लागतो, कारण ते हृदयावर जातं. आधीचे डोस परळला किंवा पुण्याला झालेले असतात आणि आमच्याकडे ते उलट्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतात. सॉफ्टवेअरची बेरीज आमच्याकडच्या पहिल्या डोसपासून सुरू होते. बाहेरचा आकडा हाताने टाकायला वेगळी जागा असते, पण ती तीन टॅब आत.

नावांचा प्रश्न तर आपल्या भागात खासच. घणसोली, दिवाळे, करावे, वाशीगाव इथून येणाऱ्या पेशंटांत एका दिवसाच्या यादीत चार पाटील, तीन म्हात्रे आणि दोन भोईर सहज असतात. म्हात्रेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुणी एक ए जास्त घालतं, कुणी नाही. काउंटरवरच्या मुलाला सर्चमध्ये नाव सापडलं नाही की तो नवीन नोंदणी करतो, कारण मागे रांग लागलेली असते. एका बाईंच्या दोन फाइली होतात. एकीत बायोप्सी, दुसरीत पेट-सीटी. उपचार ठरवायला एकत्र बसणाऱ्या डॉक्टरांच्या ट्यूमर बोर्डाला अर्धी बाई दिसते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 2021 पासून आहे, त्याचा चौदा आकडी आभा नंबर, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक, हा घोळ बराचसा मिटवू शकतो. पण तो आधी कुठे शोधायचा, दोन फाइली एकत्र कशा करायच्या, एकत्र करायचा अधिकार कुणाला, हे शिकवायला काउंटरवरच्या मुलाला कधी बोलावलं होतं का? तो तर एजन्सीचा, त्याला रजिस्टरवर सहीसुद्धा नाही.

इथेच माझी मुख्य तक्रार आहे. प्रशिक्षणाला पदाप्रमाणे बोलावलं जातं. कन्सल्टंटना बोलावतात, कारण ते महत्त्वाचे. ते येतात, फोन आला की उठून जातात आणि नंतर ऑर्डर टाकायला रेसिडेंट बसतो किंवा मीच बसते. सरकारी योजनेची कागदपत्रं पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना कुणी बोलावत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरी, अडली तर पेशंटचं रेडिएशन थांबतं. 'क्वेरी लागली' हे दोन शब्द कॅन्सर पेशंटच्या नातेवाइकांना चांगले पाठ असतात. कित्येकदा क्वेरीचं कारण एवढंच असतं की हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा फोटो हललेला होता किंवा चुकीच्या पॅकेजखाली अपलोड झाला होता. स्कॅन नीट कसा करायचा आणि पॅकेज कसं निवडायचं हे एका दुपारीत शिकवता येतं. ती दुपार कुणी दिली नाही, म्हणून शहापूरहून आलेला माणूस नातेवाइकाच्या घरी आणखी आठवडा काढतो.

दोन्ही महापालिकांनाही हे लागू आहे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालयं, तोंडातला न भरणारा व्रण किंवा छातीतली गाठ अनेकांच्या बाबतीत पहिल्यांदा तिथेच दिसते. त्याच्याही आधी दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत आशाताई सरकारी तपासणी कार्यक्रमासाठी तिशीच्या पुढच्यांचे फॉर्म भरतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी त्या कार्यक्रमात आहे. माहिती ॲपवर चढते. पण संशयित म्हणून नोंदलेली बाई पुढे खरंच तपासणीला पोचली का, हे त्याच ॲपवर मागे जाऊन पाहता येतं का आणि कसं, हे ताईंना विचारा. आकडा भरला, टार्गेट झालं, एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलेलं असतं.

व्हॉट्सॲपबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, आणि इथे मी कुणालाच सोडणार नाही, आम्हालासुद्धा नाही. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर, जखमेचा फोटो व्हॉट्सॲपवर, ट्यूमर बोर्डाची चर्चाही. नाव, वय, निदान, सगळं दिसतं. त्याच फोनवर सोसायटीचा आणि भिशीचा ग्रुप. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, तेव्हापासून नोटीस बोर्डावर 'पेशंटची माहिती व्हॉट्सॲपवर पाठवू नये' अशी परिपत्रकं दिसतात. त्याऐवजी काय वापरावं, हे त्यात नसतं. रात्री अकराला मला ऑनकॉल डॉक्टरांना पोर्टची, म्हणजे केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीची, जागा लाल झालेली दाखवायची असेल तर मी काय करू? परिपत्रक चिकटवणं सोपं आहे. सुरक्षित मेसेजिंग देऊन ते वापरायला शिकवणं खर्चाचं आहे, हे मान्य.

आणि पासवर्ड. नवीन मुलीचं लॉगिन तयार व्हायला दिवस लागतात, तोवर ती सीनियरच्या लॉगिनवर काम करते. काही ठिकाणी तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो. उद्या काही झालं तर नोंदीत नाव कुणाचं निघणार? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक कितीतरी दिवस कागदावर चाललं. आपल्याकडे आगीची ड्रिल होते. सर्व्हर बंद पडला तर केमोची यादी कुठून काढायची, डोस कुणी कुणाबरोबर पडताळायचा, याची ड्रिल मी आजवर पाहिलेली नाही. वीज गेली की लहान प्रमाणात तीच वेळ येते, आणि मग प्रत्येक सिस्टर आपापल्या अक्कलहुशारीने वेळ मारून नेते.

हे सगळं नकारात्मक वाटत असेल, म्हणून प्रशिक्षणावरचा पैसा कुठे फळतो तेही सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये पसरलेल्या कॅन्सरच्या 766 रुग्णांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही रुग्ण आपली लक्षणं ऑनलाइन नोंदवत. त्रास वाढला की नर्सला आपोआप ईमेल जायचा. या गटाचं मध्यम आयुर्मान 31.2 महिने होतं, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचं 26. पाच महिने! कितीतरी महागड्या औषधांना एवढं जमत नाही. पण मेल आल्यावर तो वाचणारी, कशाला घाई करायची हे जाणणारी आणि लगेच फोन फिरवणारी नर्स तिथे होती. आपल्याकडे काही रुग्णालयांनी पेशंटसाठी ॲप काढलीत. केमोनंतरच्या आठवड्यात कुणी 100.4 ताप नोंदवला, तर ती नोंद कुठल्या पडद्यावर उमटते आणि रविवारी तो पडदा कोण पाहतं, हे आपण एकदा स्वतः तपासून बघा. पांढऱ्या पेशी खाली असताना तापाला सोमवारपर्यंत थांबण्याची सवय नसते.

युरोपात यासाठी स्वतंत्र प्रकल्प निघाले. फिनलंडच्या तुर्कू युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेसच्या पुढाकाराने आणि युरोपीय महासंघाच्या पैशातून 'डिजिकॅनट्रेन' सुरू झाला, तो खास कॅन्सर विभागात काम करणाऱ्यांच्या डिजिटल कौशल्यांसाठी. त्यात डॉक्टर-नर्सबरोबर ऑफिसचे लोकही धरलेत, हे मला फार आवडलं. पण आपण फिनलंडकडे पाहावं असं मी म्हणणार नाही. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र आहे. 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यात देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत आणि त्यांनी एकत्र येऊन औषधांच्या किमती खाली आणून दाखवल्यात. त्याच ग्रिडने डिजिटल ऑन्कोलॉजीसाठी कोइटा सेंटर काढलंय. ठाणे-नवी मुंबईतली रुग्णालयं आणि महापालिका यांनी मिळून त्यांच्याकडे इथल्या सिस्टर्स, टेक्नॉलॉजिस्ट, आरोग्यमित्र आणि काउंटर स्टाफसाठी अभ्यासक्रम मागितला, तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. मागायला तरी कुठे कुणी गेलंय?

'शिकवलं की सोडून जातात' हे उत्तर मला माहीत आहे. जातात. आखाती देशांत जातात, जर्मनीला जातात, समोरच्या रुग्णालयात दोन हजार जास्त मिळाले तरी जातात. म्हणूनच वर्षातून एकदाचा कार्यक्रम उपयोगाचा नाही. दर महिन्याला नवीन माणसं येतात, तर दर महिन्याला सरावाचा वर्ग हवा. 'सीनियर सिस्टर्सना कॉम्प्युटर जमत नाही' हेही ऐकते. मला उलटा अनुभव आहे. पन्नाशीच्या सिस्टर हळू टाइप करतात, पण पेशंट आत येतानाच 'यांचं वजन 60 कसं असेल?' म्हणतात. नव्या मुलींची बोटं मोबाइलवर विजेसारखी चालतात आणि त्या पडद्यावर आलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. दोघींना एकाच टेबलावर बसवा.

एआयविषयी लिहीत नाही. मॅमोग्राम वाचणाऱ्या प्रणाली येताहेत, येऊ द्या. आधी वजन नीट भरू.

एक ठोस सूचना आहे. रेडिएशनचं मशीन चालवायचं तर अणुऊर्जा नियामक परिषद रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर असल्याशिवाय परवानगी देत नाही. परिषदेचं ऑफिस खाडीपलीकडे अणुशक्तीनगरलाच आहे, आपल्याला हे नवीन नाही. तशीच केमोच्या आणि पेशंटच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरसाठी प्रत्येक रुग्णालयात एक जबाबदार व्यक्ती नेमा. ती आयटीतली नको, प्रत्यक्ष काम केलेली नर्स किंवा फार्मासिस्ट हवी, आणि तिचे निम्मे तास तरी याच कामाला राखलेले हवेत. पिवळ्या खिडक्यांची तक्रार तिच्याकडे जाईल. अपडेट आलं की काय बदललं ते आधी ती पाहील, मग मराठीत किंवा हिंदीत एका पानावर लिहून वॉर्डात लावेल. 'मला हे कळलं नाही, मी थांबवते' असं म्हणणाऱ्या ज्युनिअर मुलीच्या पाठीशी ती उभी राहील. सध्या त्या मुलीच्या वाट्याला 'यादी लांबली' एवढंच बोलणं येतं.

आणि पुढच्या सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये तीन ओळी वाढवा. खोट्या पेशंटांची सरावाची प्रत कायम उपलब्ध राहील, मोठ्या अपडेटनंतर प्रशिक्षण पुन्हा होईल, आणि शेवटचा हप्ता सह्यांच्या रजिस्टरवर मिळणार नाही. शिकलेल्या माणसांनी सरावाच्या प्रणालीवर एक अख्खी केमो सायकल बिनचूक टाकून दाखवली, की मगच मिळेल. नर्सिंग कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी आम्हाला क्रेडिट तास लागतातच, ते या वर्गांना जोडून घेता आले तर सिस्टर्स आपणहून येतील.

सरावासाठी खोटे पेशंट तयार करून हवे असतील तर मी लिहून देईन. उंची-वजन उलटं भरलेले, दोन फाइली असलेले, मागच्या सायकलचं वजन चिकटलेले, सगळे प्रकार माझ्याकडे आहेत. फक्त ते काम माझ्या ड्युटीच्या तासांत धरावं.

कळावे,
आपली,
केमो डे-केअरमधील एक सिस्टर
नेरूळ, नवी मुंबई